सशांचा ताप

"साहेब, तुमच्या कंपनीत सशांचं काय करतात?"

प्रश्न विचारून चिमा खाली बसली नाही. हाताची घडी घालून उभीच राहिली. पैजच तशी होती. विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत उभं राहायचं, बसली की हरली. जिंकली तर आठवडाभर मृदुलाच्या डब्यातला साखरांबा चिमाचा. हरली तर आठवडाभर मृदुलाचं दप्तर वाहायचं. पद्मा साक्षीदार होती आणि आत्ता ती तोंडात रुमाल कोंबून बसली होती.

चिमाशी अशी पैज लावायची म्हणजे आगीत तेल. मागच्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा लाजायची. आजीचं नाव ठेवलेलं, चिमाबाई. त्यावरून पोरी चिडवायच्या, "चिमाबाई, नातवंडं बरी आहेत ना?" आणि ही मान खाली घालायची. पण नववीत वक्तृत्व स्पर्धेत बाईंनी बळेच उभी केली आणि हिचा पहिला नंबर आला. तेव्हापासून जिथं लाज वाटायची तिथं जिभेला खाज सुटायला लागली.

साल होतं एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. पिंपरीतल्या औषधाच्या कंपनीचा वर्धापनदिन होता, म्हणून नववी ब च्या मुलींना कंपनी दाखवायला आणलं होतं. त्यांनी दोन मजले उंचीच्या टाक्या पाहिल्या. पट्ट्यावरून ओळीनं चालत जाणाऱ्या इंजेक्शनच्या बाटल्या पाहिल्या. मग कॅन्टीनमध्ये चहा आणि दोन-दोन बिस्किटं. आणि मग देवसाहेब उभे राहिले. औषधाची तपासणी त्यांच्याकडे होती. टाय लावलेले, चष्मा पुसत बोलणारे. म्हणाले, "मुलींनो, काही शंका असेल तर मोकळेपणानं विचारा."

आता इतकं मोकळेपणानं म्हटल्यावर!

कॅन्टीनच्या मागं एक लांबट, बैठी इमारत होती. खिडक्यांच्या काचा हिरव्या रंगवलेल्या, दारावर 'प्रवेश बंद'. पिंपळे गुरवच्या दत्तोबाची बैलगाडी रोज सकाळी लसूणघासाचा हिरवा चारा भरून त्या दाराशी जाते, हे शाळेत येता-जाता सगळ्या मुलींनी पाहिलं होतं. आत ससे आहेत असं कुणी म्हणायचं, तर कुणी म्हणायचं माकडं.

"ससे?" देवसाहेब हसले. "अगं, इथं औषधं होतात. सर्कस नाही."

सगळा वर्ग हसला. चिमा उभीच.

"मग लसूणघासाची गाडी रोज कुणाला लागते? साहेब लोक खातात का?"

आता तर मागच्या बाकावरच्या पोरी टेबल बडवायला लागल्या. बाईंनी डोळे वटारले. देवसाहेबांचा चेहरा मात्र लाल झाला. "ते बागेच्या खतासाठी असतं. आमच्याकडे ससे नाहीत. बस खाली, बाळ."

"आहेत, साहेब."

आवाज मागून आला. चहाची किटली धरून उभ्या असलेल्या कामगारांच्या रांगेतून. चिमानं वळून पाहिलं. किटली धरून तिचे बाबा उभे होते.

चिमाचे बाबा, भीमराज, अकरा वर्षं याच कंपनीत होते. पॅकिंगला. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर चिमानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'वडिलांचा विभाग : पॅकिंग'. आज पाहुण्यांसाठी काही कामगारांना चहाला लावलं होतं एवढंच तिला माहीत होतं.

"वीस आहेत," बाबा म्हणाले. कुणावर ओरडावं तसे नाही, घरात मीठ कुठं आहे हे सांगावं तसे. "लेकरानं विचारलंय साहेब, खोटं कशाला सांगायचं. पोरींनो, इंजेक्शनचं औषध तयार झालं की त्यातलं थोडं तीन सशांच्या कानाच्या शिरेत देतात. मग तीन तास त्यांचा ताप बघायचा. ताप चढला तर औषधात दोष आहे. तेच माणसाला दिलं असतं तर माणूस थंडी वाजून फणफणला असता. ताप चढला नाही, तरच औषध दवाखान्यात जातं. सशांना धरायचं काम माझं."

पद्मा एकदम रडायलाच लागली. बाईंनी टाळ्या वाजवून रांग करायला लावली आणि वर्ग बाहेर काढला. चिमा पैज जिंकली होती. दुसऱ्या दिवशी मृदुलानं मुकाट्यानं साखरांब्याचा डबा पुढं सरकवला. चिमानं तो तसाच परत ढकलला.

कंपनी बघितली त्याच संध्याकाळी बाबा घरी आले आणि बूट न काढता उंबऱ्यावर बसले. आई, म्हणजे सोजरबाई, चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. ती चाकणकडच्या खेड्यातली. कॉलनीत राहून इतकी वर्षं झाली तरी तिची बोली काही बदलली नव्हती.

"बाबा, पॅकिंग?" चिमानं विचारलं. वक्तृत्वातला आवाज कुठं गेला कोण जाणे, नुसती हवा बाहेर आली.

"पॅकिंग कधीच नव्हतं."

"मला ठावं हाय," आई म्हणाली.

दोघांनी एकदम तिच्याकडं पाहिलं.

"बघताय काय? अकरा वर्सं तुमचं धुणं कोण धुतंय? सदऱ्याच्या खिशात पांढरं केस सापडायचं. आदी वाटलं, ह्यो माणूस कुण्या म्हातारीची येणी घालतोय का काय!"

चिमाला हसू आलं. आलं आणि तिथंच विरलं, कारण बाबा हसले नव्हते.

"मग विचारलं का नाहीस?" त्यांनी आईला विचारलं.

"तुमी सांगाल म्हनून थांबले. आता अकरा वर्सं लागत्यात हे मला काय म्हाईत?"

बाबा कॉलनीमागच्या पत्र्याच्या विहारात दर रविवारी वंदना घ्यायचे. पुढं उभे राहून तेच पंचशील म्हणायचे आणि त्यांच्यामागून साठ-सत्तर माणसं. पहिलं शील, प्राण्याची हिंसा करणार नाही. चौथं, खोटं बोलणार नाही. चिमा लहानपणापासून त्यांच्या मागं बसून म्हणत आली होती. म्हणताना शेजारणीच्या वेणीला गाठ मारत आली होती, ते सोडा.

"रविवारी पहिलं शील म्हणायचं," बाबा म्हणाले, "आणि सोमवारी सशाच्या कानात सुई जाताना त्याला धरून ठेवायचं. लोकांना काय सांगणार होतो? म्हणून पॅकिंग सांगितलं. एक मोडलेलं झाकायला आणखी एक मोडलं."

"पण तुम्ही त्यांना मारत तर नाही ना?"

बाबांनी बुटाची नाडी सोडली, परत बांधली.

"ताप चढला नाही तर परत पिंजऱ्यात जातात. चांगलं खायला मिळतं. पण दोन वेळा ताप चढला की त्या सशाचा भरवसा राहत नाही. मग त्याला काढून टाकतात."

"काढून म्हणजे?"

"मारतात. तेही मीच करायचो. दुसऱ्याच्या हातात गेले असते तर घाबरले असते."

सोमवारी बाबांच्या हातात कागद पडला. बदली. विभाग : पॅकिंग. खरंखुरं पॅकिंग! आता शाळेच्या फॉर्मवर लिहिलेलं सगळं खरं झालं होतं, आणि त्याचं करायचं काय हे चिमाला कळेना.

कॉलनीत तर बोलायला विषयच मिळाला. कंपनीनं नोटीस लावली, की प्राण्यांबद्दलच्या अफवांवर विश्वास ठेवू नये. झालं! तोपर्यंत ज्यांना काही माहीत नव्हतं तेही बोलायला लागले. नळावरच्या कौशल्याबाई शपथेवर सांगायच्या, की कॅन्टीनमधलं मटण म्हणजे ससाच. कुणी म्हणे सशांचे डोळे काढतात. कुणी म्हणे इंजेक्शनात सशाचं रक्त मिसळतात, म्हणून ते इतकं झोंबतं. चिमा पहिले दोन दिवस प्रत्येकीशी भांडली. "अहो मावशी, डोळे नाही काढत, ताप बघतात, ताप!" त्या म्हणायच्या, "मग कंपनी लपवती कशाला गं?" चिमाचा तरी याहून वेगळा प्रश्न कुठं होता?

रविवारी विहारात कुणी बाबांना काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. बाबाच आपण होऊन मागच्या रांगेत जाऊन बसले. मग कॉलनीतलेच ज्योतीराम पुढं गेले आणि चाचरत त्यांनी वंदना घेतली. बाबांचे ओठ हलत होते. चिमानं कान दिला, पण आवाज नव्हता.

पुढच्याच आठवड्यात विलासकाका घरी आले. बाबांच्या जागी आता सशांना धरायचं काम त्यांच्याकडं दिलं होतं. धिप्पाड माणूस, कबड्डी खेळणारा, पण दारातच घुटमळला.

"भीमराजदादा, ते मला अंगाला हातच लावू देत नाहीत. राव, मी चढाईला सात-सात गडी अंगावर घेतलेत, पण एवढासा जीव छातीशी असा धडधडतो की माझंच काळीज हलतं."

"औषध कसं आहे?"

"औषधाला काही नाही. नुसतं मिठाचं पाणी देऊन बघितलं, तरी ताप चढतोय. साहेब म्हणाले, हे भ्यायलेत. भीतीनं तापतात. सहा गेले दादा, आठ दिवसांत."

बाबांनी त्यांना आत बसवलं. मग शिकवायला लागले. चिमा पुस्तक उघडं ठेवून सगळं ऐकत होती. आत जायच्या आधी हात लसूणघासावर चोळायचे, म्हणजे साबणाचा वास जातो. हात गार असतील तर काखेत धरून ऊब आणायची. वरून झडप घालायची नाही, घार तशीच येते. खालून हात घालायचा, मागचे पाय आधाराला घ्यायचे, आणि तळवा डोळ्यांवर ठेवायचा. बोलायचं नाही. खोकलासुद्धा बाहेर जाऊन. "आणि सतरा नंबरच्या मादीला सगळ्यांत आधी घे. ती म्हातारी आहे, चार वर्षं झाली तिला. ती शांत बसली की बाकीचे बसतात."

विलासकाका मान डोलावत गेले. जाताना चिमाकडं बघून म्हणाले, "वकिलीणबाई, अभ्यास करा." चेष्टेनंच म्हणाले, पण चिमाला पुस्तकातली ओळ दिसेनाशी झाली. सहा ससे. तिनं त्यातला एकही पाहिला नव्हता. साखरांब्यासाठी उभी राहिली होती ती.

त्यानंतर तीनच दिवसांनी मोठ्या बाईंनी तिला ऑफिसात बोलावलं. आत देवसाहेब बसले होते. टेबलावर टाइप केलेला कागद होता.

"वाच," बाई म्हणाल्या.

चिमानं वाचलं. तिच्याच नावानं होतं. 'मी ऐकीव गोष्टींवर विसंबून प्रश्न विचारला. कंपनीत कोणत्याही प्राण्यावर प्रयोग होत नाहीत, अशी माझी खात्री झाली आहे. माझे वडील पॅकिंग विभागात काम करतात व त्यांचे बोलणे गैरसमजातून झाले. याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली सहीची जागा. शनिवारी प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवायचं, मग कागद कंपनीकडं.

"तू हुशार मुलगी आहेस," देवसाहेब म्हणाले.

"म्हणून खोटं लिहायला लावताय?"

"चिमा!" बाई म्हणाल्या.

देवसाहेबांनी हात वर करून बाईंना थांबवलं. चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते फार दमलेले दिसत होते.

"ऐक. चांगलं औषध अडकून पडलंय, कारण तपासणी पुरी होत नाही. ससे तुझ्या वडिलांशिवाय कुणाकडं शांत बसत नाहीत. मी वर सांगितलं, त्यांना परत आणू द्या. वरचे म्हणतात, आधी हे मिटल्याचा कागद आणा. तू सही केलीस की दुसऱ्या दिवशी ते आत असतील. रेकॉर्डला पॅकिंग, पण काम सशांचं."

"मग लोकांना सांगून का नाही टाकत?"

"सांगितलं तर लोक सुई टोचून घेतील?"

"बाबांनी सांगितलं तेव्हा कोण पळालं? पद्मा रडली, एवढंच. ती तर गणिताच्या पेपरलापण रडते."

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. देवसाहेब थोडंसं हसले, मग त्यांनी चष्मा हातातच फिरवत ठेवला.

"माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे," ते म्हणाले. "दर सणाला विचारते, शरच्चंद्र, तू कंपनीत नेमकं करतोस काय? मी सांगतो, बाटल्या तपासतो. बावीस वर्षं तेच सांगतोय. मला जमलं नाही, तुझ्या वडिलांना जमलं. पण त्यानं सशांचं भलं झालं का, तूच सांग."

चिमा बोलण्यात कुणाला हार जायची नाही म्हणतात. त्या दिवशी ती कागदाची घडी घालून तशीच बाहेर आली.

घरी तिनं तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला, कारण आईला वाचता येत नव्हतं.

"फाड," बाबा म्हणाले.

"थांबा वो," आई म्हणाली. "परत आत घेतील म्हनत्यात ना?"

"अकरा वर्षं खोटं बोललो, सोजर. एकदा, फक्त एकदा चारचौघांत खरं बोललो, तेही पोरीच्या तोंडून पुसायचं?"

"आन् ती जनावरं?"

कागद फाडला नाही कुणी. शेल्फवर डब्याखाली ठेवून दिला.

दोन दिवस घरात फक्त भांड्यांचे आवाज होते. बाबा पॅकिंगहून यायचे ते बोटांना गोंद लागलेला असायचा. दिवसभर खोक्यांवर लेबलं चिकटवायची. जेवताना ते बोटं एकमेकांवर घासून गोंद काढत बसायचे. एकदा चिमानं विचारलं, "बाबा, सतरा नंबर दिसायला कशी आहे?" ते म्हणाले, "डावा कान मोडका. पडलेलाच असतो. कानाखाली खाजवलं की दात वाजवते हळूच. आवडलं की वाजवतात ते." आणि त्यांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा सैल झाला.

शुक्रवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर विलासकाका आले. आत आले नाहीत. दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले.

"सतरा नंबर गेली, दादा."

बाबा उठले नाहीत. "ताप?"

"दुसऱ्यांदा चढला. साहेबांनी टाळायचं म्हणून फार बघितलं. पण नियम."

"कुणी केलं?"

"मीच."

"डोळे झाकले होतेस का?"

"झाकले होते. तुम्ही सांगितलं तसंच, सगळं तसंच केलं. हात चोळले, ऊब आणली." विलासकाकांनी चौकटीवरचा हात काढला. "पण माझाच हात कापत होता. तिला कळलं असणार. तिला कळलं, दादा."

आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी घेतला, पण प्यायले नाहीत. म्हणाले, "बारा गेले, आठ राहिलेत. सोमवारी परत तपासणी आहे, त्यातले तीन लागतील. नवे आणायचे तर मुंबईहून यायला महिना, आणि त्यांना माणसाची सवय व्हायला आणखी महिना." मग तांब्या उंबऱ्यावर ठेवून ते निघून गेले.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर पालथा. चिमा अभ्यासाला बसल्यासारखं करून बघत होती. त्या हाताचा अंगठा हलत होता. पुढं, मागं. अगदी हळू. मांडीवर काहीच नव्हतं, आणि बाबांना बहुतेक ठाऊकही नव्हतं की आपण काय करतोय. आईनं ते पाहिलं आणि तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. करपल्याचा वास घरभर झाला तरी कुणी काही म्हणालं नाही.

चिमानं शेल्फवरचा कागद काढला. तिनं तो पुन्हा एकदा वाचला, मनात. 'अशी माझी खात्री झाली आहे.' भाषणात अशा वाक्यावर कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, हे तिला न शिकवता कळायचं. आत्ताही कळलं, आणि त्याचीच तिला किळस आली. सगळी शाळा समोर असेल. वर्गातल्या मुली तर त्या दिवशी कॅन्टीनमध्येच होत्या. त्या काय म्हणतील, मृदुला काय म्हणेल, कौशल्याबाई नळावर काय म्हणतील, ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. बापानं सांगितलेलं खरं लेकीनं गिळलं, म्हणतील. म्हणू देत. आणि बाबा? बाबा तर काहीच म्हणणार नाहीत. तेच सगळ्यांत अवघड होतं.

ती उठून दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका. मी सही करणार आहे." बाबांनी मान वर केली तशी ती घाईनं म्हणाली, "नको म्हणू नका, मी ऐकणार नाही. उद्या प्रार्थनेला मीच वाचणार. कंपनीत ससे नाहीत म्हणून सांगणार, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. आठ राहिलेत, बाबा. सोमवारी तुम्ही आत पाहिजे."